साक्षीदार गाणे, वकील गद्य

ए. डी. कार्सन यांनी २०१७ साली अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठाला पीएच.डी.साठी सादर केलेला प्रबंध म्हणजे ३४ रॅप-गीतांचा संच होता. गाणे भावना व्यक्त करते, युक्तिवाद मात्र गद्यच करते, या गृहीतावर पोसलेल्या विद्वत्तेला तो प्रबंध वाटणे कठीणच. पण हे गृहीत रॅपच्या इतिहासानेच मोडीत काढले आहे. १९८४ मध्ये ‘यूटीएफओ’ या गटाने आपल्याला दाद न देणाऱ्या रोक्सॅन नावाच्या मुलीवर गाणे काढले. त्याच वर्षी १४ वर्षांच्या रोक्सॅन शांते हिने त्या मुलीच्या मुखाने उत्तर दिले आणि प्रत्युत्तरांची मालिकाच सुरू झाली. पूर्वपक्ष आणि खंडन, दोन्ही गाण्यातच. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ठाऊक असलेल्या मराठी अभ्यासकाला तरी याचे नवल वाटू नये.

रॅपमधील सॅम्पलिंग, म्हणजे दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा आपल्या रचनेत बसवणे, हेही एक अवतरणच. ग्रंथातला उतारा घेणाऱ्याला विद्वान म्हणतात. बिझ मार्कींना मात्र १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चोरांच्या पंगतीत बसवले!

अर्थात ‘निर्मिती म्हणजेच संशोधन’ अशी घोषणा देणारे समर्थकही भाबडेच. प्रत्येक गाणे संशोधन नसते. ज्या गाण्याला प्रश्न आहे, पूर्वसूरींचे भान आहे आणि ज्याचे खंडन संभवते, त्याचाच हा दावा टिकेल. या कसोट्या गद्यालाही लावल्या, तर ग्रंथालयांतील किती प्रबंध तगतील?

ब्रिटन-ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे अशा निर्मितीला जोडून सामान्यतः लेखी विवेचन मागतात. ही अट वरकरणी निरुपद्रवी दिसते. प्रत्यक्षात विवेचन हाच प्रबंध होतो आणि गाणे परिशिष्टात जाते. गाण्याला प्रवेश मिळतो तो साक्षीदार म्हणून. वकिली गद्याकडेच राहते. परीक्षकाला ऐकण्याचे प्रशिक्षण नसते, ही त्याची उणीव; तिची भरपाई मात्र गाणाऱ्याने करायची. मिशिगन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २०२० साली कार्सन यांचा आणखी एक रॅप-संच तज्ज्ञ-परीक्षणानंतर प्रसिद्ध केला, तेव्हा परीक्षकांना ऐकावेच लागले.

क्लेम्सन विद्यापीठ उभे आहे ते गुलामगिरीचे समर्थक जॉन कॅल्हून यांच्या मळ्यावर. साउथ कॅरोलायनातील १७४० च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणे दंडनीय ठरवले होते. ज्यांना लेखणी नाकारली गेली, त्यांचे ज्ञान कंठातून कंठात गेले. अशा भूमीवर ‘हे लिहून द्या’ ही मागणी केवळ परीक्षा-विभागाची तांत्रिक बाब उरत नाही.