खरेदीच्या भावात अडकलेला गुंतवणूकदार

मुंबई, प्रतिनिधी

दसऱ्याच्या सकाळी दादरच्या फूलबाजारात चढ्या दराने विकला जाणारा झेंडू दुपार कलली की मिळेल त्या भावात काढला जातो. तो पहाटे कितीला उचलला होता, याचा विचार विक्रेता त्या वेळी करीत बसत नाही. उद्या त्याला कोणी विचारणार नाही, एवढेच तो पाहतो. तीच फुले घेऊन घरी परतणारा मध्यमवर्गीय ग्राहक समभागांच्या व्यवहारात मात्र बहुधा नेमका उलटा वागतो. खरेदीचा भाव पुन्हा आल्याखेरीज विकायचे नाही, असा त्याचा हट्ट असतो.

हा हट्ट किती महाग पडू शकतो, हे रिलायन्स पॉवरच्या उदाहरणावरून दिसते. जानेवारी २००८ मध्ये या कंपनीच्या प्राथमिक भागविक्रीस सुमारे ७३ पट मागणी आली. शेजाऱ्याने अर्ज भरला, मग आपणच का मागे राहायचे, ही कळपाची वृत्ती त्या तेजीत शिगेला पोहोचली होती. विक्री १८ जानेवारीस संपली आणि २१ तारखेला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. किरकोळ गुंतवणूकदारांना ४३० रुपयांना मिळालेला समभाग ११ फेब्रुवारीस, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, ३७२ रुपयांच्या आसपास बंद झाला. पुढे पाचास तीन या प्रमाणात बक्षीस समभाग मिळाल्याने त्यांची खरेदी सरासरी २६९ रुपयांवर आली. ‘निदान मुद्दल तरी सुटू दे’ म्हणत जे थांबून राहिले, त्यांना मार्च २०२० मध्ये दोन रुपयांहूनही कमी भाव पाहावा लागला.

नफ्यातील समभाग घाईने विकायचा आणि तोट्यातील उराशी धरायचा, या प्रवृत्तीकडे हर्श शेफ्रिन व मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्येच लक्ष वेधले होते. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील दहा हजार खाती तपासली, तेव्हा विकून टाकलेले नफ्यातील समभाग पुढील वर्षभरात राखून ठेवलेल्या तोट्यातील समभागांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरल्याचे आढळले. पडलेला प्रत्येक समभाग विकावा, असा याचा अर्थ नव्हे. २००८ च्या मंदीत घाबरून चांगल्या कंपन्यांतून बाहेर पडलेलेही पस्तावलेच. हाच समभाग आज, आजच्या भावाने नव्याने घेतला असता का, एवढेच तपासायचे असते. खरेदीचा भाव कंपनीला ठाऊक नसतो, बाजारालाही नसतो.

वायदे व्यवहारांत हीच मानसिकता अधिक घातक ठरते. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सलग तोटा होऊनही त्यांतील पाऊणशे टक्क्यांहून अधिक जणांनी व्यवहार थांबवले नाहीत. गेलेले पैसे त्याच बाजारातून वसूल करण्याची ही ईर्षा जुगाऱ्याच्या ईर्षेहून फारशी वेगळी नाही.

समभागांतील तोटा मान्य करण्यात एक व्यावहारिक लाभही आहे. विवरणपत्र मुदतीत भरल्यास भांडवली तोटा पुढील आठ वर्षांतील भांडवली नफ्यातून नियमानुसार वजा करता येतो. त्यासाठी समभाग आधी विकावा लागतो. डिमॅट खात्यात नुसत्या पडून असलेल्या तोट्याची प्राप्तिकर खाते दखल घेत नाही.