ताई जेवली, पण कोरियन हॉटेलात

परवा भाचीनं पुण्याहून व्हिडिओ पाठवला. कोरियन बार्बेक्यूचं हॉटेल. टेबलाच्या मधोमध शेगडी, वर धूर ओढून घेणारा पाइप, आणि समोर हातात चिमटा घेऊन बसलेली माझी ताई. आपल्या खाप्याची, वय ५८! तिथं मुख्य पदार्थ डुकराच्या मांसाचा. ताई नको म्हणाली, म्हणून चिकन मागवलं. मांस टेबलावरच भाजायचं, कैचीनं कापायचं, हिरव्या पानात गुंडाळून तिखट लावून एका घासात तोंडात. सोबत किमची अन् भाज्यांच्या छोट्या वाट्या, संपल्या की पुन्हा भरून मिळतात.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला तर पोट्टे सुटले. "भाजाचं बी आपणच अन् पैसे बी आपणच द्याचे?" मीही हसलो. रात्री मात्र झोप उडाली.

ज्या सावजीवर नागपूर मिरवतं, तो रस्सा मुळात हलबा कोष्ट्यांच्या चुलीवरचा. दिवसभर माग चालवणाऱ्या घरांचं जेवण. खापा तर जुनं विणकरांचं गाव. ताई त्याच घरातली, मसाला तिच्या हातात आहे. पण जन्मभर सावजी रांधून वाढणारी ही बाई एकाही सावजी भोजनालयात बसून जेवलेली नाही. आम्ही भाऊ जाऊन आलो, तिच्यासाठी पार्सल आणलं. मीच आणलं, कबूल करतो.

काहून? आत मिणमिणता बल्ब, कळकट पडदा, शेजारच्या टेबलावर ग्लास. बाईसाठी संडास-बाथरूम नाही. 'फॅमिली रूम' लिहिलेली खोली उघडली तर आत कांद्याची पोती. सगळेच असे नाहीत, नागपुरात काहींनी चांगली सोय केली आहे. आपल्याकडच्या रस्त्यावर तशी जागा मला तरी दिसली नाही.

कोणी म्हणेल, कोरियन लोक पीत नाहीत काय? पितात ना. तिथं भाजलेल्या मांसासोबत सोजू येतेच. पण त्याच टेबलावर आजी अन् नातूही बसतात. आपल्याकडं विनापरवाना हॉटेलात दारू पाजणं १९४९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी चालतं, आणि वरून त्याच कारणानं बायांना बाहेर ठेवलं जातं.

पुण्यात ही हॉटेलं आली त्याला रांजणगावचा एलजीचा कारखाना, तिथले कोरियन साहेब, हे एक कारण. पण नुसतं तेवढंच नाही. कोरियाच्या सरकारनं २००९ च्या सुमारास आपलं जेवण जगभर पोचवायची मोहीमच काढली होती. आपल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. ती मिरची कुटणारी बाई जेवायला कुठं बसणार, हे कोणी पाहायचं?

भोजनालयवाल्या भावांनो, तुमच्यावर राग नाही, तुमच्या रश्श्यावर तर मुळीच नाही. एक ट्यूबलाइट, एक स्वच्छ संडास, अन् ग्लासवाल्याला बाहेर काढायची हिंमत, एवढंच मागतो. नगरपरिषदेनंही परवाना देताना बाथरूम डोळ्यानं पाहून यावं.

ताई दिवाळीत माहेरी येते आहे. तिला मटण खायला कुठं नेऊ, कमेंटमध्ये जागा सांगा. पार्सल आणा म्हणू नका.