विश्वास आणि वर्गणी

गांवची विहीर पाणी भरतांना सर्वांची असते. गाळ उपसण्याची वेळ आली म्हणजे मात्र ती कोणाचीच नसते. संगणकाच्या युगांतही ही रीत पालटलेली नाहीं, असें आम्हांस खेदानें म्हणावें लागतें.

ज्या सॉफ्टवेअरची आज्ञावली कोणीही वाचावी, सुधारावी व वापरावी, अशी कर्त्याचीच परवानगी असते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. बँकांचे व्यवहार, कचेऱ्यांचीं कामें व आपल्या हातांतील मोबाइल यांच्या मुळाशीं आज असें सॉफ्टवेअर आहे. तें बहुधा विनामूल्य मिळतें. परंतु त्याची निगा विनामूल्य होत नाहीं.

ओपनएसएसएल या आज्ञावलीचेंच उदाहरण घ्या. इंटरनेटवरून जाणारा मजकूर परक्याच्या दृष्टीस पडूं नये, हें तिचें काम. एप्रिल २०१४ मध्यें तिच्यांतील 'हार्टब्लीड' नांवाचा दोष उघडकीस आला. त्यायोगें सर्व्हरच्या स्मृतींतील गुप्त मजकूर परक्यास वाचतां येत असे, आणि हा दोष दोन वर्षें कोणाच्या ध्यानांत आला नव्हता. जिच्यावर मोठमोठ्या कंपन्या निर्धास्त होत्या, त्या आज्ञावलीच्या चालकांस वर्षाकांठीं देणगी मिळे ती अवघी सुमारें २,००० डॉलरांची! संकट कोसळल्यावर मात्र अनेक कंपन्यांनीं लिनक्स फाउंडेशनमार्फत निधि उभारला.

मग पैसा दिला कीं कर्तव्य संपलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. माहिती दाबून लहान करणारें 'एक्सझेड' हें साधन मुख्यतः एकच गृहस्थ फावल्या वेळीं, वेतनावांचून सांभाळीत असत. २०२२ सालीं कामाच्या संथपणाबद्दल त्यांच्यावर तक्रारींचा मारा झाला. त्यापूर्वींच पुढें आलेल्या एका मदतनिसानें निमूटपणें काम करून त्यांचा विश्वास संपादिला, आणि २०२४ च्या आरंभीं त्याच साधनांत चोरदरवाजा बसविला. दूरच्या संगणकांत प्रवेश होण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेंच आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास खटकलें. त्यानें खोलांत शिरून २९ मार्च २०२४ रोजीं तें कपट जगापुढें मांडलें. थकलेल्या एकट्या माणसास सोबती हवा होता. जग वेळेवर न गेल्यामुळें चोर सोबती होऊन गेला.

यावरून आमचें मत असें कीं, वर्गणी नियमित असावी, ती संकटापूर्वीं द्यावी, आणि तिच्याबरोबर तपासणारे डोळेही द्यावेत. आज्ञावली उघडी असणें म्हणजे ती कोणीतरी वाचलेली असणें नव्हे. किल्ली एकाच्याच हातीं नसावी. कोणी म्हणतील, पैशानें स्वयंसेवेची वृत्ति मरते. परंतु विहीर खणणाऱ्यानें मोबदला मागितला नाहीं, म्हणून गाळही त्यानेंच जन्मभर उपसावा, हा न्याय नव्हे. बंगळूरच्या झिरोधा या कंपनीनें २०२४ सालीं अशा कामांसाठीं प्रतिवर्षीं १० लक्ष डॉलर देण्याचें जाहीर केलें. हा पायंडा इतरांनींही गिरवावा.

आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींजवळ पैसा नसेल. परंतु आढळलेली चूक नीट लिहून कळविणें व मराठी भाषांतर शुद्ध करणें, ही वर्गणी त्यांस आजच देतां येईल. जो घागर भरतो त्यानें एखादी पाटी गाळही उचलावा, एवढेंच आमचें मागणें आहे.