यात्रेच्या रात्री बायका कुठे असतात?

डिसेंबर लागला की आमच्या बुकिंगच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा येणारं गाव म्हणजे कळंगुट. त्याच्या खालोखाल शिर्डी. आळेफाट्यावर आमच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर आहेत. गाडीवर हे असतात किंवा ड्रायव्हर. फोन आणि वही माझ्याकडे. त्यामुळे जुन्नर-आंबेगावातलं कोण कुठं जातं आणि घरी काय सांगून जातं, यातलं बरंचसं मला ठाऊक असतं. पोरांचा फोन असा येतो : "काकू, सतरा सीटर पाहिजे, गोवा. पण घरून कुणी विचारलं तर जोतिबा सांगा." बायकांचा फोन याच्या उलट. आधी नरसोबाची वाडी, महालक्ष्मी, गणपतीपुळे अशी देवांची यादी येते, आणि फोन ठेवता ठेवता हळूच, "जमलंच तर गोवापण करू, जाता जाता." आळेफाट्यापासून कळंगुट सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटर आहे. एवढं लांब कुणी जाता जाता जात नाही.

या गोव्याच्या सहलींवर आमच्याकडं फार बोललं जातं. कीर्तनात बोललं जातं, लग्नाच्या मांडवात माईक हातात आला की बोललं जातं. पोरं बिघडली, बायका शेफारल्या, आपली संस्कृती सोडून लोकांच्या नाचगाण्याला पैसे घालवतात. मला हे पटत नाही. गोव्याला माणूस काय शोधायला जातो, ते आपल्या गावात का मिळत नाही, हे कुणी विचारतच नाही. पोरांचं सोडा, त्यांना इथंही सगळं मिळतं. मी बायकांविषयी लिहिते आहे.

बचत गटाच्या बायका घेऊन आम्ही बागा-कळंगुटला जातो तेव्हा तिथं काय होतं, ते सांगते. दिवसा त्या साडी खोचून पाण्यात उतरतात, एकमेकींचे हात धरून लाटेला पाठ देतात. लाट आली की अशा ओरडतात की गाडीत झोपलेला ड्रायव्हर जागा होतो. पण त्यांची खरी सहल रात्री जेवणानंतर सुरू होते. बागाच्या गल्लीत दिवे, गाणी, दोन्ही बाजूंना दुकानं, कानाशी लागून बोलावं लागेल एवढा आवाज. आमच्या बायका त्या गल्लीतून एकदा जातात, परत येतात, पुन्हा जातात. कुणी दारू पीत नाही. (एकीनं चव घेतली होती. नाव विचारू नका.) मग वाळूत येऊन बसतात, आईस्क्रीम खातात, सासरचं काढतात, हसतात. टोमॅटोच्या तोडणीला रोज जाणारी एक पन्नाशीची बाई मला म्हणाली, "ताई, रात्री बारा वाजता मी काही काम नसताना बाहेर बसलेय. असं कधी झालंच नव्हतं." पोटच्या पोरांची लग्नं केलेली बाई आहे ती.

आमच्या भागात बाई रात्री बाहेर पडते ती कामासाठी. रात्रपाळीची थ्री फेज लाइट असली की कांद्याला पाणी द्यायला नवऱ्याबरोबर बॅटरी घेऊन जाते. त्यात बिबट्या. जुन्नर वनविभागात माणसांवर किती हल्ले झाले ते तुम्ही याच पेपरात वाचता. माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. नाहीतर दवाखाना, नाहीतर मयत. आमचा फाटा स्वतः रात्रभर जागा असतो. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन मोठे रस्ते इथं एकमेकांना छेदतात. कांद्याचे ट्रक, एसट्या, चहाच्या टपऱ्या, मिसळ, सगळं चालू. पण त्या उजेडातही बाई दिसली की लोकांच्या मनात पहिला प्रश्न येतो : ही कुणाची आणि हिचं इथं काय काम?

आणि गंमत अशी, की महाराष्ट्रात रात्र जागवण्याचा धंदा जिथून चालतो ते गाव आमच्यापासून वीस किलोमीटरही नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक, आत गादी, तारखांची वही. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, घासाघीस करतात, सुपारी देऊन जातात. चैत्र-वैशाखात पुणे, नगर, नाशिक, सातारा जिल्ह्यांतल्या यात्रांना कोणता फड कुठं उभा राहणार, ते या राहुट्यांत ठरतं. लाखांचे व्यवहार होतात. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनानं हा हंगाम बुडवला, तेव्हा कितीतरी कलावंतांवर मजुरीला जायची पाळी आली.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. नववा महिना भरलेला असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असतानाच पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांपुढं आल्या, ही हकिगत महाराष्ट्राला पाठ आहे. २००२ साली त्या गेल्या. राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशासाठी जीवनगौरव पुरस्कार देतं. ही हकिगत मीही लहानपणापासून ऐकते आहे. पण ती ऐकताना माझ्या मनात दरवेळी वेगळंच येतं. त्या रात्री समोर बसलेल्यांत बाया किती असतील? बाळंतपण म्हणजे काय, हे ज्यांना कळलं असतं, त्यातली एखादी तरी तिथं होती का?

मी नारायणगावच्या एवढ्या जवळ राहते, पण गण-गवळणीपासून वगापर्यंत सलग तमाशा मी आजवर समोर बसून पाहिलेला नाही. ऐकला मात्र पुष्कळ. यात्रेच्या रात्री नैवेद्य झाला, पाहुणे जेवले, भांडी घासली की आम्ही सासवा-सुना गच्चीवर जायचो. तिथून स्टेजचा उजेड दिसायचा, ढोलकी ऐकू यायची, बतावणीतले विनोद अर्धे कळायचे. सासूबाई वगातल्या राजाचं पुढं काय होणार ते सांगायच्या. त्यांनीही ते गच्चीवरूनच ऐकलेलं. काही गावांत बायका मैदानात येतात, हे मला ठाऊक आहे. मागं, कडेला, लेकरं मांडीवर घेऊन बसतात. पुढं टोळक्यांचं नाचणं सुरू झालं, टोप्या-टॉवेल उडायला लागले, की एकेक उठून घरी जाते. कुणी त्यांना हाकलत नाही, तशी गरजच पडत नाही.

म्हणजे स्टेजवर बाई आणि समोर सगळे पुरुष. याच्या अगदी उलट चित्र मी गोव्याच्या वाटेवर पाहिलं. आंबोली उतरून सावंतवाडीच्या अलीकडे एका गावात जत्रा होती. रस्ता अडला म्हणून गाडी थांबवली. देवळापुढं दशावतार चालू होता. एक साधा बाक, मागं पडदा, पेटी, मृदंग, झांज. राणीचं काम करणारा पुरुष इतका देखणा की आमच्या गाडीतल्या बायकांनी पैजा लावल्या. आणि समोर बसलेल्या बाया! चटया आणलेल्या, शाली आणलेल्या, नातवंडं कुशीत झोपलेली, खाज्याची पुडी फिरतेय. म्हाताऱ्या पहिल्या रांगेत. मध्यरात्र उलटली होती, तरी कुणाला घरी जायची घाई नव्हती. तिथं बाईचं सोंग पुरुष घेतो, पण रात्र बायकांचीही असते. आमच्याकडं बाई स्वतः नाचते, पण रात्र पुरुषांची.

गोव्याच्या रात्रीचं लोक कौतुक करतात ते क्लबांसाठी. मला विचाराल तर आपल्याला शिकण्यासारखं या चटयांत आहे.

अशी उघडी रात्र लांबच्या देशांतही असते. माझा भाचा अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. मागच्या वर्षी तो आणि सूनबाई मेक्सिकोत समुद्रकाठी प्लाया देल कार्मेन नावाच्या गावी जाऊन आले. त्यांच्याकडून कानकून विमानानं दोन-सव्वादोन तास आणि तिथून पुढं गाडीनं तासभर. पूर्वी हे मासेमारांचं खेडं होतं, समोरच्या कोसुमेल बेटावर जायची बोट तिथून सुटायची. मेक्सिको सरकारनं १९७० नंतर कानकून हे शहर पर्यटनासाठी नव्यानं वसवलं, आणि त्याच्या लाटेत हे खेडंही वाहून गेलं. आता समुद्राला समांतर एक लांब रस्ता आहे, तिथं गाड्या नाहीत, फक्त माणसं, रात्रभर. सूनबाईनं फोटो पाठवले. आमच्या शेजारणीनं ते पाहून एवढंच विचारलं, "रात्री एकला ती एकटी फिरतेय, तर हा कुठंय?" हा फोटो काढत होता.

त्याच देशात मासात्लान नावाचं दुसरं एक समुद्रकाठचं शहर आहे. तिथला कार्निव्हल १८९८ पासून रीतसर भरतो. किनाऱ्याच्या रस्त्यावरून चित्ररथ निघतात आणि दोन्ही कडांना घरंच्या घरं खुर्च्या टाकून बसतात, आज्यांपासून तान्ह्यांपर्यंत. गोव्याच्या कार्निव्हललाही लोक पणजीच्या रस्त्यावर लेकराबाळांसकट उभे असतात. परदेशी पर्यटक नंतर आले. आधी तिथल्या लोकांनी आपला सण आपल्या बायका-पोरांसह रस्त्यावर साजरा केला. (टोमॅटोही मेक्सिकोकडूनच जगभर गेला. नारायणगावच्या बाजारात त्यानं काय उलाढाल मांडली आहे ते पाहताच आहोत. चांगली गोष्ट लांबून आली म्हणून आपण कधी नाकारलेली नाही.)

रात्र उघडी ठेवली की सगळं आपोआप नीट होतं, असं मी म्हणत नाही. त्या प्लाया देल कार्मेनमध्ये २०१७ च्या जानेवारीत संगीत महोत्सवाच्या रात्री एका क्लबाबाहेर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. गोव्यात हडफड्याला ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री क्लबला आग लागून २५ जण गेले. त्यातले बहुतेक तिथं राबणारे कामगार होते. त्या आठवड्यात आमची दोन बुकिंगं रद्द झाली. पुढच्या आठवड्यात तीच माणसं पुन्हा फोन करून तारीख विचारत होती. सांगायचं एवढंच, की रात्रीची व्यवस्था माणसांनी लावावी लागते. बाहेर पडायला दारं किती, दिवे कुठं, पोलीस कुठं, हे आधी ठरवावं लागतं. गोव्यात ते चुकलं तर माणसं मरतात. आमच्याकडं ते कुणी ठरवतच नाही, म्हणून बायका घरी थांबतात.

"बायका बसायला लागल्या तर तमाशाची मजाच जाईल," असं मला एका कमिटीवाल्या भाऊजींनी सुनावलं. मला उलट वाटतं. लावणीला सोवळं नेसवा, असं कोण म्हणतंय? लावणी बायकांना कळते, बहुधा तुमच्यापेक्षा जास्त. भानगड स्टेजवर नसतेच, ती स्टेजच्या खाली असते. पुढं नाचणाऱ्या पन्नास जणांच्या फर्माइशी पुरवता पुरवता फडांना वग आखडता घ्यावा लागतो, आणि सिनेमाची गाणी लांबत जातात. समोर गोष्ट ऐकणारं माणूस बसलं, तर वगाला पुन्हा दिवस येतील. गच्चीवरून राजाचं पुढं काय झालं ते ऐकणाऱ्या सासूबाईंसारखं गिऱ्हाईक फडाला दुसरं कुठं मिळणार?

दहाच्या नियमाचं रडगाणंही मला माहीत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं. गावोगावच्या यात्रांना ते कसं पुरणार? चैत्रातल्या यात्रांसाठी वेगळा विचार सरकारनं करावा, ही मागणी रास्तच आहे. पण मैदानावर होतं काय, ते मी गच्चीवरून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. सातची वेळ छापलेली असते. मग पुढारी येतात, फेटे बांधतात, नारळ-शाल होते, वर्गणीदारांची नावं वाचली जातात, कुणाचं नाव राहिलं म्हणून रुसवा होतो. साडेनऊला गण सुरू होतो आणि दहाला पोलीस. त्यात तमाशाचा काय दोष?

यात्रेची वर्गणी घराला लागते. घर म्हटलं की त्यात बाई आली. गाईचं दूध घालून, कांदा निवडून, भिशीतून ती पैसे देते. त्या पैशातून बैलगाड्यांच्या घाटावर इनामं लागतात, तमाशाची सुपारी जाते, बॅनर लागतात. बायकांसाठी एक स्वच्छतागृह लागत नाही. जुन्नर तालुक्याला २०१८ साली पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, माळशेज बघायला बाहेरचे लोक यावेत म्हणून सगळे झटतात. गावातल्या बायकांनी गावचीच यात्रा रात्री पाहावी, यासाठीही थोडं झटा.

पाडव्याला नारायणगावात राहुट्या लागतील. त्याआधी तुमच्या कमिटीची बैठक देवळात होईल. त्या बैठकीत पाच गोष्टी लिहून घ्या. सत्कार दुपारी उरका आणि गण सातला सुरू करा. मैदानाचा निम्मा भाग, तोही पुढचा, बायकांना द्या, मधे दोरी बांधा आणि दारू पिऊन येणाऱ्याला दोरीच्या अलीकडे येऊ देऊ नका. घरी जायच्या वाटांवर दिवे लावा. स्वच्छतागृहाचा खर्च बॅनरमधून काढा. आणि सुपारी द्यायला जाल तेव्हा गावातल्या दोन बायकांना राहुटीत सोबत घेऊन जा, कोणता वग लावायचा ते त्यांना ठरवू द्या. गाडी लागली तर फोन करा. नारायणगावच्या त्या फेरीचं भाडं मी घेणार नाही.