झाडांची हजेरी

“झाडं मोजून कुणाचं पोट भरतं का?” अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, विचारले. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा असा प्रश्न मला नवा नाही. या खेपेला निमित्त होते डॉ. रामन सुकुमार यांचे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील हे शास्त्रज्ञ मूळचे हत्तींचे अभ्यासक. हत्तीच्या मागोमाग ते त्याच्या रानाकडे वळले. १९८८ साली निलगिरीजवळ मुदुमलाईच्या जंगलात त्यांनी सहकाऱ्यांसह ५० हेक्टर क्षेत्र आखले आणि एक सेंटिमीटर जाडीच्या खोडापासून पुढे एकूणएक झाडाला क्रमांक दिला. साग, ऐन, धावडा – आपल्या सह्याद्रीतलीच मंडळी! मग वर्षानुवर्षे त्यांची हजेरी. कोण मेले? हत्तीने मोडले, की वणव्याने जाळले? नवे कोण उगवले? पाऊस ओढ देतो तेव्हा रानाचे काय होते, हे अशा वहीतूनच कळते. आणि एका वर्षाच्या वहीतून काहीच कळत नाही.

हवामानबदलावर आपण वक्तृत्वस्पर्धा घेतो, वृक्षारोपणाचे छायाचित्र छापतो. गतवर्षीच्या रोपांपैकी किती जगली? विद्यार्थ्यांना विचारले, प्राध्यापकांना विचारले. कुणालाच सांगता आले नाही. माझे मत असे, की यंदा नवा खड्डा खणण्याआधी आवारातील झाडांना क्रमांक द्यावेत आणि ती वही दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती सोपवावी.

अण्णांना मी एवढेच म्हटले, “चैत्रात विहिरीला किती पुरुष पाणी आहे, हे तुम्ही दरसाल बघताच की!” ते हसले. आजोबांच्या वेळचे आकडेही त्यांना तोंडपाठ आहेत. कागदावर मात्र एकही नाही.