टायटल ब्लॉकचा मालक कोण?

गिअरबॉक्सच्या हाउसिंगचं एखादं ड्रॉइंग घ्या. खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो: ड्रॉइंग नंबर, नाव, मटेरियल, वजन, रिव्हिजन, कोणी काढलं, कोणी मंजूर केलं. हीच माहिती कंपनीच्या डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टिममध्ये त्या फाइलच्या कार्डावरही असते. पर्चेसवाला ड्रॉइंग उघडण्याच्या भानगडीत पडत नाही, तो कार्ड बघतो. फाउंड्रीवाल्याला कार्ड दिसतच नाही, त्याच्या हातात ए३ची प्रिंट असते. दोघांनी एकच गोष्ट वाचावी ही अपेक्षा काही फार मोठी नाही. ती नेहमी पुरी होत नाही, हे चाकण-भोसरीच्या पट्ट्यात कास्टिंग विकत घेणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

त्यावरचा उपाय सॉफ्टवेअरवाल्यांनी कधीच देऊन ठेवला आहे. सॉलिडवर्क्स पीडीएममध्ये कार्डावरचा रकाना फाइलच्या कस्टम प्रॉपर्टीला जोडता येतो. ऑटोडेस्क व्हॉल्टमध्ये इन्व्हेंटरची आयप्रॉपर्टी किंवा ऑटोकॅडच्या ब्लॉकमधलं अ‍ॅट्रिब्यूट जोडता येतं, आणि प्रत्येक जोड एकेरी ठेवायची की दुहेरी हेही ठरवता येतं. तेव्हा जमेल का हा प्रश्न उरलेला नाही. सगळेच रकाने दोन्ही बाजूंनी मोकळे सोडावेत का, यावर मात्र डिझाइन ऑफिस आणि आयटी यांचं क्वचितच एकमत होतं.

दुहेरी जोडणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तीच माहिती दोनदा टाइप करायची म्हटलं की एकदा तरी चूक होणारच. ग्राहकाने प्रोजेक्टचं नाव बदललं आणि संचात दोन-तीनशे शीट असली, तर एकेक फाइल उघडून नाव बदलत बसणं ही शिक्षाच आहे. शिवाय कार्डावर ‘मंजूर’ आणि कागदावर मंजूर करणाऱ्याचा रकाना कोरा, ही विसंगती ऑडिटरच्या नजरेतून सुटत नाही.

पण आता मटेरियलचा रकाना बघा. हाउसिंग एफजी २६० बिडाचं आहे, मॉडेलप्रमाणे वजन १८ किलो. वजन कमी करायचं म्हणून बैठकीत अ‍ॅल्युमिनियम, एलएम २५, ठरतं आणि कुणीतरी तत्परतेने कार्डावर तसं लिहितं. दुहेरी जोडणी असल्याने ते टायटल ब्लॉकमध्येही उतरतं. पण उतरतात ती नुसती अक्षरं. मॉडेलला दिलेलं मटेरियल बीडच राहतं, घनता ७.२च राहते आणि वजनाच्या रकान्यात १८ किलो तसंच छापून येतं. अ‍ॅल्युमिनियमची घनता सुमारे २.७, म्हणजे खरं वजन पावणेसात किलोच्या आसपास हवं. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो. त्या ड्रॉइंगवर येणारं कोटेशन काय असेल याची कल्पना करा. आणि सिस्टिमला विचारलं तर ती सांगणार, दोन्हीकडची नोंद तंतोतंत जुळते!

उलटंही होतं. डिझायनर मॉडेलमध्ये मटेरियल बदलतो, पण फाइल चेक-इन करायची राहते. तेवढ्यात कुणी कार्डावर भलताच रकाना दुरुस्त करून सगळ्या प्रॉपर्टी फाइलमध्ये उतरवायचा हुकूम देतं. शेवटी लिहील त्याचं खरं, असा नियम असेल तर जुनं मटेरियल नव्यावर जाऊन बसतं. सिंक नसतं तर निदान दोन ठिकाणी दोन नोंदी दिसल्या असत्या आणि कुणीतरी विचारलं असतं.

दुसरा आक्षेप मंजूर फाइलबद्दलचा आहे आणि आम्हाला तो जास्त वजनदार वाटतो. प्रॉपर्टी फाइलमध्ये लिहायची तर फाइल बदलावी लागते, म्हणजे तिची नवी आवृत्ती तयार होते. तो पार्ट ज्या असेंब्लींमध्ये बसला आहे त्यांच्यावर ‘जुनी आवृत्ती’ अशी खूण उमटते. डिजिटल सही असेल तर ती बाद होते. पीडीएफ आधी निघाली आणि रिव्हिजन मागून लिहिली गेली, तर फाइल ‘डी’ म्हणते, पीडीएफ ‘सी’ म्हणते आणि बाहेर जाते ती पीडीएफ.

जमिनीची रजिस्ट्री झाली तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनंच नाव असतं. आपण त्या दिरंगाईला नावं ठेवतो, पण मधे एक माणूस सही करतो म्हणून चार वाद टळतातही. रिव्हिजनच्या रकान्याला असाच एक थांबा हवा.

म्हणून आमच्या मते सरसकट एकेरी किंवा सरसकट दुहेरी यापेक्षा रकान्यागणिक मालक ठरवणं बरं. मटेरियल, वजन, शीटचा आकार हे मॉडेल-ड्रॉइंगच्या फाइलमधून जन्मतात. ते फाइलकडून कार्डावर जावेत आणि कार्डावर त्यांना कुलूप असावं. ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, मंजुरी ही माहिती मान्यतेच्या प्रक्रियेतून येते. ती कार्डाकडून फाइलमध्ये जावी, तीही मंजुरीच्या पायरीवर एकदाच, पीडीएफ निघण्याआधी. त्यानंतर फाइलला हात नाही. नावासारखे एक-दोन रकाने दुहेरी ठेवायला हरकत नाही, पण मंजुरीपर्यंतच. मग दोन-तीनशे मंजूर शीटवरच्या प्रोजेक्टच्या नावाचं काय? ते कार्डावर बदलावं, कागदावर पुढच्या रिव्हिजनला आपसूक येईल. ग्राहक कुरकुर करेल हे खरं.

टायटल ब्लॉकसाठीचं आयएसओ ७२०० हे मानक (२००४) इथे उपयोगी पडतं. त्यात नाव, काढणारा, मंजूर करणारा हे रकाने सक्तीचे आहेत, रिव्हिजन ऐच्छिक. ऐच्छिक म्हणून तो रकाना काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. पण हौसेने वीस-बावीस रकाने जोडणाऱ्यांनी सक्तीचे फक्त आठ आहेत हे एकदा बघावं. जोडलेला प्रत्येक रकाना पुढे कुणाला तरी सांभाळावा लागतो.

मराठीत नावं असलेल्या ड्रॉइंगची आणखी एक गंमत आहे. जुन्या फाइलींमध्ये टायटल ब्लॉक श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टात असतो. तो फॉन्ट आहे तोवर पडद्यावर नावातला ‘कालवा’ हा शब्द सुबक दिसतो. कार्डावर मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येते, कारण मुळात फाइलमध्ये साठलेलं तेच असतं. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणणं हे कंटाळवाणं काम टाळून सिंक सुरू केलं, तर शोधायला गेल्यावर ‘कालवा’ कधीच सापडणार नाही.

चार डिझायनर आणि एक्सेलचं रजिस्टर असलेल्या वर्कशॉपने यातलं काही करावंच असा आमचा आग्रह नाही. ड्रॉइंग थोडी असतील आणि रजिस्टर एकाच माणसाच्या हाती असेल तर ते चालतं. मात्र बाहेरच्या ग्राहकाच्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्यांकडे दोन रिव्हिजन असतात, एक ग्राहकाची आणि एक आपली. सिस्टिम बसवून देणाऱ्याच्या तयार यादीत ‘रिव्हिजन’ हा रकाना एकच असेल, तर त्याला दुसरा करायला लावावा, आणि ग्राहकाच्या रकान्यात ड्रॉइंग हाती आल्यावर माणसानेच लिहावं.