मांडुळाचे अंथरूण

साप पाळायचा तर पेटीत काय अंथरावे, वाळू की भुसा, असे काही तरुण आम्हाला विचारतात. बोआ हा परदेशी साप. पण त्याच्या नात्यातले मांडूळ आपल्या वर्धा जिल्ह्याच्या शेतांत आहे, म्हणून त्याच्यावरूनच सांगतो.

मांडूळ दिवसा मातीत दडते, रात्री उंदीर खायला निघते. त्याला भुसभुशीत, कोरडी माती लागते. पेटीत ओल साचली की खवले कुजतात. देवदाराच्या भुशाचा उग्र वास सापाला बाधतो. बोआ पाळणारे बरेच जण साधा कागद अंथरतात. घाण दिसते आणि लगेच बदलता येते. पण बोआ ठेवायलाही २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते.

मांडूळ मात्र घरात ठेवूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. त्याच्या बोथट शेपटीला दुसरे तोंड समजून गुप्तधनाच्या नावाने लाखोंचे सौदे बोलले जातात. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी हा बाजार उठलेला नाही. यात अडकलेल्या पोराचे शिक्षण, नोकरी सारे जाते आणि कोर्टाच्या तारखा आईबापाच्या रोजीतून भागवाव्या लागतात. धन कोणालाच सापडत नाही.

बंधू-भगिनींनो, मांडूळ बिनविषारी आहे. वावरात निघाले तर मारू नका, पिशवीत भरू नका. त्याला त्याच्या मातीत जाऊ द्या. घरात शिरले तर वनखात्याला १९२६ वर कळवा. पोरांनाही एवढे समजावून सांगा.